जागेश्वरला भेटायचं होतं

“तुमच्या जागेश्वरले भेटाचं होतं मले,” चहाच्या रांगेत मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं. सालेकशाच्या धावपटू मुलींवर निबंध वाचणारा तो संघदीप. गोंदियात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा संशोधन मेळावा होता, विषय खेळ आणि समाज. बिडी कामगारांच्या कबड्डीवरचा माझा निबंध नुकताच वाचून झाला होता.

“खरंच तो मांड्यांले तेल चोपडून खेळला?”

“खरंच.”

“अन् जिंकल्यावर पंचाले स्वतःच सांगितलं?”

“त्यांच्या पोटात काही राहतच नाही.”

तो हसला. मग मीही... चांगली मोठ्यानं. चहा ओढणीवर सांडला. त्यानं रुमाल पुढे केला, आणि मला एकदम लाज वाटली.

जागेश्वर हे मी बाबांना दिलेलं नाव. मुलाखत देणाऱ्याचं खरं नाव निबंधात लिहायचं नाही, असा आमच्याकडे नियम. बाबा मागच्या महिन्यात वारले. सभागृहात मात्र सगळे विचारत होते, जागेश्वर यावर काय म्हणतात, जागेश्वरना काय वाटतं... आणि मला ते आवडत होतं.

“कुठं राहतात ते?”

“फुलचूरला.”

“मंग जवळच आहे ना. रविवारी येऊ?”

“या,” मी म्हणाले.

मधल्या दिवसांत फोन करून खरं सांगता आलं असतं. फोन हातात घ्यायचे, तर त्याचाच मेसेज आलेला — जागेश्वरना पेरू चालतात का? चालतात, मी लिहायचे. पलीकडे आई बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत असायची, आणि मी इकडे मोबाईलकडे बघून हसत असायचे. लक्षात आलं की मोबाईल उशीखाली जायचा.

रविवारी मी वळणावरच जाऊन थांबले. तो आला. हँडलला पेरूंची पिशवी.

“रस्त्यावर काऊन उभ्या? घर चुकीन वाटलं का मी?”

“जागेश्वर माझे बाबा होते,” मी म्हणाले. “मागच्या महिन्यात गेले.”

त्यानं गाडी बंद केली.

“मंग या म्हणाल्या काऊन?”

“त्यांना भेटायला म्हणून आता कुणी येत नाही... आणि तुम्ही यावं असंही वाटत होतं. बाबांना जाऊन महिना झाला नाही तर मी नवा ड्रेस घालून इथं उभी. लाज वाटते मला.”

त्यानं ड्रेसकडे पाहिलं, मग चटकन पेरूंकडे.

“मीही काही निव्वळ जागेश्वरसाठी नोहतो येऊन राहिलो,” तो हळूच म्हणाला. “आता मलेही लाजच वाटून राहिली.”

मला हसू आलं. या वेळी मी ते लपवलं नाही.

“खरं नाव काय होतं त्यांचं?”

“ते सांगायचं नसतं.”

“निबंधासाठी नाही विचारून राहिलो, रीना.”

“खुशाल नाव होतं बाबांचं,” मी म्हणाले. ते गेल्यापासून हे नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. “घरी आई आहे.”

“चला मंग.”

घर समोरच दिसत होतं. तरी मी त्याच्या गाडीवर बसले.