लक्ष्यावर एक भोक जास्त

"माझ्या लक्ष्यावर एक भोक जास्त आहे. तुमचं हरवलंय का?"

मी डोळे उघडले. हो, उघडले, गोळी झाडताना ते गच्च मिटले होते ना! शेजारच्या लेनमध्ये नेमबाजी क्लबची शस्त्रं सांभाळणारा 'तो' उभा होता... हसू दाबत.

रविवारी क्लबच्या संघाची निवड होती आणि मीही नाव दिलं होतं. दादा त्या संघात आधीपासूनच. "चार दिवसांची हौस आहे तिची," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि मला ते भयंकर झोंबलं होतं.

"हे तुमच्या दादाचं पिस्तूल ना? नव्या हाताला एवढा झटका कशाला?"

त्याने क्लबचं हलकं पॉइंट टू टू पिस्तूल आणलं आणि काडतुसांची तीन खोकी मांडली. पहिल्यातली दोन पेटलीच नाहीत. दुसऱ्यातली सारखी अडकत होती. तिसऱ्यातली, जरा कमी वेगाची, एकामागून एक निमूट सुटली.

"ही घ्या. झटका कमी, भरवसा जास्त."

"आई स्थळं बघताना हेच म्हणते," मी बोलून गेले — आणि त्याचे कान लाल झाले!

तरीही माझे नेम चुकतच होते. मग त्याने मला न सांगता मॅगझिनमध्ये दारू नसलेलं एक नकली काडतूस भरलं. मी चाप ओढला. नुसतं 'टक्'! गोळी नाही, झटका नाही... तरी पिस्तुलाचं नाक खाली गेलं.

"फसवलंत मला!"

"पिस्तूल तर गप्प होतं. मग दचकलं कोण?"

राग आला. खरं बोलला म्हणून जास्तच आला. पण पुढे रोज मीच म्हणायचे, "भरा नकली!" 'टक्' झालं तरी हात हलेना, तेव्हा कुठे माझा जीव थंड झाला.

रविवारी मी संघात आले. दादा भेटेल त्याला सांगत सुटला, "बहीण कुणाची!" माझी मान तर अशी ताठ, की विचारू नका.

सगळे पांगल्यावर मी त्या नकली काडतूसवाल्याला म्हटलं, "आता तुमची पाळी. मॅगझिन मी भरणार."

तो झाडत राहिला. शांत, अचूक. मी अगदी शेजारी. मग 'टक्' — आणि नाक चक्क खाली!

"काय गुरुजी? झटका तर नव्हताच... मग हात का हलला?"

त्याने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं.

"तुम्ही शेजारी असलात की रोजच हलतो. आज पकडलंत."

"मग सवय करून घ्या," मी म्हटलं. "मी काही आता इथून हलणार नाही."