भिंगापुढचा हात

मैत्रेयीच्या लेखातलं एक वाक्य: इतरांच्या सिनेमात माणूस पडतो आणि मरतो. एस. दासच्या सिनेमात तो आधी मरतो, थोडा वेळ तसाच उभा राहतो आणि मग पडतो.

*

रूपसिंगच्या उजव्या तळहातावर पांढरा डाग आहे. त्याबद्दल कोणी विचारलं की तो हात खिशात घालतो.

*

डिसेंबरात यवतमाळच्या बसस्टँडबाहेर नेपाळी बायका स्वेटर विकायला बसतात. त्यांतला एक बाटलीहिरवा, पुढे बटणं, खोल खिसे. ‘बाबांना होईल,’ म्हणून मैत्रेयीनं तो घेतला आणि कागदात बांधून झोळीत टाकला.

*

सिनेमाच्या जुन्या रंगीत प्रिंटमधून हिरवा-निळा रंग आधी जातो. मग झाडं गुलाबी दिसतात, आभाळ गुलाबी दिसतं, माणसंही. एकदा गेलेला हिरवा परत येत नाही.

*

ढाणकीच्या बाजाराला लागून टिनाच्या छपराचं एक गोदाम आहे. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, त्यात कापूस आलाच नव्हता.

*

एस. दास म्हणजे सेवादास. उमरखेड तालुक्यातल्या एका तांड्यावरचा हा पोरगा मुंबईला गेला, सत्तरच्या दशकात पाच-सहा हिंदी सिनेमे काढले आणि नाहीसा झाला. मारधाडीचे सिनेमे. मोठ्या थिएटरांनी ते कधी लावले नाहीत. सकाळच्या स्वस्त खेळाला लागायचे, दोन दिवसांत उतरायचे. पुढे तीस वर्षांनी पुण्यातल्या सिनेमावेड्या पोरांनी त्यांच्या खराब कॅसेटी एकमेकांना द्यायला सुरुवात केली, आणि त्यांच्यातल्याच एकाच्या खोलीत, जमिनीवर बसून, मैत्रेयीनं पहिल्यांदा एस. दासचा खून पाहिला. एक माणूस चहा गाळतोय. दुसरा त्याला मारतो. गाळणं धरलेला हात हलत नाही. चहा भरतो, उतू जातो, बशी भरते, आणि मग तो माणूस पडतो.

ती खोलीत एकटीच हसली होती. आनंदानं. असं कोणी करत नव्हतं. तिनं पुढे कापसाच्या जिनिंगमधली मारामारी पाहिली, जिच्यात संगीत नाही, नुसतं यंत्र चालू असतं आणि मार खाणाऱ्यांचं तोंड उघडतं पण काही ऐकू येत नाही. ती लिहू लागली. एस. दास रक्त दाखवत नाही, वेळ दाखवतो, असं तिचं म्हणणं. हा माणूस नजर चुकवत नाही, असंही.

शेवटचा सिनेमा ‘सफेद खेत’ मात्र त्यांच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. त्याचा एकच फोटो त्यांच्याकडे होता. फुटलेल्या कापसाचं शेत. शेतात विहिरीपर्यंत माणसांची लांब रांग, समोर बंदुका. आणि रांगेच्या मध्यावर एका माणसाची जागा रिकामी. मैत्रेयीनं त्या रिकाम्या जागेवर दोन पानं लिहिली. चौकटीतली सगळ्यात हिंसक गोष्ट म्हणजे जो तिथं नाही तो, असं काहीसं.

तो फोटो तिनं राळेगावला घरी बाबांना दाखवला. पंजाबराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला.

“हे तं माही जागा आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मी गेलतो ना तिथं. एसटीत लागाच्या आंधीची गोष्ट. मामाच्या गावाले होतो, तं सिनेमावाले आले. लोक पाह्यजे म्हने. उभं राह्यलो रांगेत.”

“मग फोटोत कुठं आहे तुम्ही?”

“मले काढलं त्यानं. शूटिंग सुरू व्हाच्या वक्ती. दुसऱ्या कोनाले उभं नाही केलं. तशीच ठेवली जागा.”

“काहून काढलं?”

“काय मालूम.”

“काही बोलला असंल ना?”

पंजाबराव फोटोकडे पाहत राहिले. “काही नाही बोलला,” ते म्हणाले आणि उठून पाण्याची मोटर बंद करायला गेले. मोटर चालूच नव्हती.

बाबा खोटं बोलताहेत, हे तिला तेव्हाच कळलं.

*

‘सफेद खेत’ची एकुलती एक प्रिंट रूपसिंगकडे होती. सेवादासनं ती आपल्याच तांड्यातल्या या टुरिंग टॉकीजवाल्याला दिली होती, आणि रूपसिंग वर्षातून एकदा, जत्रेत, तंबू ठोकून ती दाखवायचा. मैत्रेयी मागच्या हिवाळ्यात त्या तंबूत बसली होती. सिनेमा तिला वाटला होता त्याहून चांगला निघाला. पोरं शिट्ट्या मारत होती, म्हातारे संवाद आधीच म्हणत होते. मग शेत आलं. रांग आली. बंदुका वर झाल्या.

आणि पडदा काळसर लाल झाला.

तिनं मागे पाहिलं. रूपसिंगनं भिंगापुढं तळहात धरला होता. दिव्याच्या झोतात बोटं पेटल्यासारखी लाल दिसत होती. आवाज तेवढा चालू होता, एकामागून एक गोळी. तंबूतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांनीसुद्धा. बायकांनी लेकरांची डोकी मांडीत दाबली होती. कोणी ओरडलं नाही, कोणी पैसे परत मागितले नाहीत. हात निघाला तेव्हा नायक घोड्यावर होता आणि लोक पुन्हा शिट्ट्या मारत होते.

“हात येते तिथं,” शेजारची म्हातारी तिला म्हणाली. जसं भाजीत मीठ येतं, तसं.

मैत्रेयीचा मात्र विश्वास बसला नाही. तिचा अंदाज सरळ होता. हात झाकतो तो प्रसंग नाही, चोरी झाकतो. कोणीतरी तेवढा तुकडा कापून नेलाय, आवाज दुसरीकडून वाजवताहेत, आणि लोकांना सवय लावलीय. पुण्याच्या महोत्सवानं सेवादासचे सगळे सिनेमे लावायचं ठरवलं होतं, तिच्या शब्दावर. ‘सफेद खेत’ अख्खा हवा होता. अर्धा असेल तर तो विभागच रद्द होणार होता. शिवाय ती जागा तिच्या बापाची होती. ती तिला पाहायची होती.

*

त्या डिसेंबरात एका दुपारी रूपसिंगनं ढाणकीच्या गोदामात तिच्यासाठी यंत्र लावलं. दाराला ताडपत्री बांधली. छपराच्या भोकांमधून उन्हाच्या काड्या खाली आल्या होत्या आणि मागच्या कुठल्यातरी हंगामाचा कापूस त्यांतून तरंगत होता. रूपसिंगची बायको सुखीबाई चहा घेऊन आली आणि पडद्याकडे पाठ करून पोत्यावर बसली.

“पुन्याच्या लोकायले मारामारी आवडते म्हनता, मॅडम?” रूपसिंगनं विचारलं.

“फार.”

“मंग घरी भांडनं होत नसतील बिचाऱ्यायचे.”

मैत्रेयी हसली, पण तिचं लक्ष रिळावर होतं. तिनं त्याच्याकडून ते मागून घेतलं, टेबलावर उलगडलं आणि एकेक चौकट उन्हाच्या काडीसमोर धरून पाहिली. गुलाबी शेत. गुलाबी रांग. मध्ये जागा. कुठेच जोड नव्हता. तुकडा कापलेला नव्हता. आवाजाची पट्टीही तीच, कडेनं चालत गेलेली.

तिचा संशय संपायला हवा होता. तो वाढला.

“मग हात कायले लावता?”

रूपसिंगनं हात खिशात घातला. “पद्धत आहे.”

“कोणाची?”

“सेवादासकाकाचीच. म्हने, एवढ्याले हात देत जाय. पहिले लवकर निघे हात. दोन घोट चहा पेला का झालं. आता लय वेळ धरा लागते. साल-दरसाल वाढूनच राह्यलं. चटका बसते.”

“रीळ तेवढंच आहे. मी आत्ता पाहिलं. ते वाढणार कसं?”

“ते मले इचारू नका.”

“दुसरं रीळ लावत असाल तुम्ही. हे दाखवायचं एक, लावायचं एक. खरं कुठं आहे? विकलं?”

सुखीबाईनं मान वर केली. रूपसिंगचा चेहरा बदलला.

“आमी इकलं म्हनता?” तो हळू म्हणाला. “सेवादासकाकाची चीज? पाहा मंग. तुमच्या हातानं भरा रीळ. हात देत नाही आज.”

“रूपसिंग,” सुखीबाई म्हणाली.

“चोर म्हनते ते आपल्याले.”

सुखीबाई मैत्रेयीकडे वळली. “छोरी, नको पाहू. आपलं मानूस दिसते त्यात.”

“माझं माणूस त्यात नाहीच ना, काकू,” मैत्रेयी म्हणाली. “त्याला काढून टाकलं होतं. तेच तर पाहायचंय.”

रीळ तिनंच भरलं.

*

यंत्र खडखडलं. झोतात कापूस तरंगू लागला.

शेत. रांग. धोतरं, पागोटी, उघडी पोटं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतो. गोळी. पहिला माणूस उभाच. त्याच्या चेहऱ्यावर काही होत नाही. मग तो पडतो आणि बोंडं हलतात. दुसरी गोळी. मैत्रेयीला आपल्याच वाक्याचा अभिमान वाटला. अगदी तसंच होतं. तिनं लिहिलं होतं त्याहून शांत होतं.

मध्याची जागा आली. रिकामी. कॅमेरा तिथं थोडा थांबला आणि पुढे गेला.

तिनं श्वास सोडला. रीळ खरं होतं. बाबा त्यात नव्हते.

रांग संपायला हवी होती. फोटोत ती विहिरीपाशी संपते. कॅमेरा विहीर ओलांडून गेला.

पुढची माणसं धोतरात नव्हती. टेरिकॉटच्या पँटी. एकाच्या डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी. एकाच्या कमरेला मोबाईलचं पाकीट. गोळी, उभं राहणं, पडणं. गोळी, उभं राहणं, पडणं. कोणी अभिनय करत नव्हतं. कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं.

तिनं रिळाकडे पाहिलं. फिरकी फिरत होती. वरचं रीळ कमी होत नव्हतं.

“रूपसिंग,” ती म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

कॅमेरा वळला. तो परत निघाला, आला त्याच वाटेनं, पडलेल्या माणसांवरून, विहिरीवरून, मध्याकडे.

जागा भरलेली होती.

त्या सगळ्या गुलाबीत एकच गोष्ट हिरवी होती.

बाटलीहिरवा. पुढे बटणं.

माणूस पाय फाकवून, किंचित डावीकडे भार देऊन उभा होता. धावत्या गाडीत आयुष्य काढलेली माणसं जमिनीवर उभी राहतात, तसा. हात खोल खिशांत.

तिचा हात झोळीत गेला. कागद कुरकुरला. स्वेटर आत होता.

गोळी वाजली.

“हात!” ती ओरडली. “हात द्या! हात!”

रूपसिंगनं न पाहताच तळहात भिंगापुढं आणला. पडदा लाल झाला. यंत्र चालू राहिलं, आणि तो हात तसाच धरून राहिला, ओठ आवळून, किती तरी वेळ.

*

ताडपत्री सोडल्यावर बाहेर ऊन होतं. बाजारात कोणीतरी भावावरून हुज्जत घालत होतं.

“पडला काय?” सुखीबाईनं विचारलं.

“नाही. उभा होता.”

सुखीबाई कपबशा गोळा करू लागली. “आमच्या पोराले, ओमले, मी पाह्यलं होतं,” ती म्हणाली. “एका वर्षी मान वर केली म्या. लाल बंडी होती त्याच्या आंगात. तसली बंडी नव्हतीच त्याच्यापाशी. तवा तो तंबूच्या बाहेर भजे खाऊन राह्यला होता. पोळ्याले आनलं त्याले, चादरीत.”

“तोही उभाच होता? पाहिलंत तेव्हा?”

“हो ना, माय.”

मैत्रेयीनं राळेगावला फोन लावला. बराच वेळ वाजला.

“बोल, माय,” पंजाबराव म्हणाले.

“बाबा, काय करून राह्यले?”

“काही नाही. आंगनात उभा आहो. ऊन घेऊन राह्यलो. औंदा थंडी लय आहे.”

“खाली बसा.”

“काहून?”

“बसा ना, बाबा. खुर्ची घ्या.”

“तुले काय झालं? बिमार-गिमार आहेस काय?”

“नाही. तुम्ही बसा फक्त.”

“बरं, बसतो.”

ती खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकत राहिली. कोंबड्या ऐकू आल्या, दूर एक ट्रॅक्टर.

“बसले काय?”

“राहू दे. बरं वाटून राह्यलं असंच. स्वेटर आनतो म्हने तू. भेटला काय?”

मैत्रेयीनं झोळी पोटाशी धरली.

“नाही भेटला.”

“मंग नको फिरू उगाच त्याच्यासाठी. घरी ये. आहो मी उभा.”

*

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात, पहिला शॉट घेण्याआधी, सेवादास रांगेत आला. त्यानं पंजाबरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला काढलं आणि म्हणाला, “तुम बाद में आना.” पंजाबराव ‘हो’ म्हणाले.