नरकपट समजावताना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हा विषय काढत नाही. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे कुठलंही चित्र समोर आलं की त्याचा अर्थ सांगायची मला खोडच आहे. अर्थ माहीत नसला तरी.

गेल्या डिसेंबरात अख्तरबानूंचा फोन आला. जुनी चित्रं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. नारायण पेठेत त्यांची कार्यशाळा आहे.

"मास्तर, नरकाचा मोठा पट आलाय. रविवारी इथेच प्रदर्शन आहे. लोकांना अर्थ सांगाल? आधी एकदा मला सांगून बघा."

धायरीहून बस पकडून भर दुपारी पोचलो. भिंतभर कापड टांगलेलं. कढयांत उकळणारी माणसं, काट्यांवरून फरफटणारे जीव, करवतीखाली वाकलेल्या माना. अख्तरबानूंनी चहा दिला आणि मी सुरू झालो.

"हा जीभ ओढलेला, म्हणजे खोटारडा. हा कढईतला खादाड. आणि ही उलटी टांगलेली बाई... हिनं सासूला छळलं असणार."

"नाही..."

मी अख्तरबानूंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात बिस्किट होतं.

खोलीत जळक्या तेलाचा वास पसरला. कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा रस्त्यावरचा रिक्षांचा आवाज दूर गेला. कापड हळूच पुढे फुगलं. पंखा बंद होता.

"मास्तर," अख्तरबानू कुजबुजल्या, "माफी मागा..."

"कुणाची?"

"सगळ्यांची. न विचारता एकेकावर आळ घेतलात तुम्ही."

मी हातातला कप खाली ठेवला. वर्गासमोर जे कधीच म्हटलं नव्हतं, ते त्या कापडासमोर म्हणालो.

"चुकलो. तुम्ही काय केलंत, मला माहीत नाही. चित्रकारानं शिक्षा रंगवल्यात, गुन्हा एकाचाही रंगवलेला नाही. तुम्हाला दुखतंय, एवढंच मला दिसतं."

कापड सावकाश भिंतीला टेकलं. रिक्षा पुन्हा ओरडू लागल्या.

"रविवारी हेच सांगा," अख्तरबानूंनी कप उचलले. "आणि थोडक्यात."

रविवारी तेच सांगितलं. गर्दी चिकार. एक गृहस्थ कढईकडे निरखून पाहत म्हणाले, "दाटी आहे, पण शिस्त आहे हो!" सगळे हसले, मीही हसलो. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघांनी पट उतरवला. त्याची मागची बाजू अख्तरबानूंनी सकाळीच स्वच्छ केली होती. तिथे आता तेलाचे डाग उमटले होते. ओळीनं, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आणि प्रत्येक डाग कानाच्या आकाराचा.

शेवटच्या डागावर मी बोट टेकवलं. तो अजून कोमट होता...