नागपूरची गाडी

आधी ते मोबाईल खिशात घाला. लाईट यायची तेव्हा येईल. ही गोष्ट तसल्या उजेडात सांगता येत नाही. आणि मधेच कोणी फिदीफिदी हसलं तर मी उठून झोपायला जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं पाहत.

आपल्या सौंदडला स्टेशनामागच्या वस्तीत शालीकराम राहायचा. माझ्या बापाचा जिवाभावाचा दोस्त. धानाची थोडी शेती होती, खोटं बोलण्याइतकी अक्कल नव्हती, आणि भुताखेतांचं नाव काढलं की शिव्या घालायचा. त्यानं हे स्वतःच्या तोंडानं माझ्या बापाला सांगितलं. मी शेजारच्या बाजेवर झोपेचं सोंग घेऊन ऐकलं.

सत्तावन्न साल. कार्तिकाची पौर्णिमा उलटून गेली होती, तिच्यानंतरची चौथी रात्र. त्या संध्याकाळी शालीकराम छोट्या लाईनच्या गाडीनं गोंदियाला उतरला. काखेत गाठोडं, खांद्यावर घोंगडी. काम साधंच होतं. बायकोला घरी घेऊन जायचं होतं.

बायको मरून दोन महिने झाले होते.

तिचं नाव वच्छला. भादव्यात तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग घास गिळवेना. झाडपाला झाला, अंगारे झाले. शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पण त्या दिवशी छोटी गाडी गोंदियाला उशिरा पोचली आणि नागपूरची गाडी निघून गेली. दुसरी पहाटे होती. स्टेशनासमोर दुलीचंदची लॉज होती, खाली चहाचं हॉटेल आणि वर खोल्या. जिन्यालगतची खोली त्यांना मिळाली.

रात्रभर ती एकच विचारत होती.

"गाडी आली का जी?"

"झोप वो. आली का मी उठवतो ना तुले."

किती रात्रींचा जागा होता तो. त्याचाच डोळा लागला. पहाटे इंजिनाच्या शिटीनं दचकून उठला आणि तिला हलवलं, तर हात थंडगार. गाडी समोर उभी होती, आणि तो तिचा हात धरून बसला होता. पांगोली नदीच्या काठावर परक्या लोकांनी खांदा दिला. हे सांगताना शालीकराम माझ्या बापापुढं लेकरासारखा रडला, एवढं मला आठवतं.

तेरवी झाली, धान कापणीला आलं, आणि एक दिवस सडक अर्जुनीचा खेमराज घरी आला. हा धानाचा व्यापारी, त्याचं गोंदियाला नेहमी जाणंयेणं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "शालीक, दुलीचंदच्या त्या खोलीत कोनी टिकून नाही राहिला गा. रायपूरचा एक कापडवाला अर्ध्या रात्री खाली येऊन बाकावर झोपला. एक मास्तर बायकोले घेऊन उतरला, तर ती सकाळपर्यंत रडत होती. परवा तर मी सोताच उतरलो होतो तिथं."

"काय झालं?"

"अंधारात एक बाई इचारते. गाडी आली का जी." खेमराजनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "भेव नाही वाटत. लय वाईट वाटते. कोनीतरी तिले हो म्हनावं, असं वाटते."

शालीकराम त्या दिवशी जेवला नाही. दिवेलागणीला तो टेकचंदबुवाकडं गेला. गावातलं मरणाधरणाचं सगळं टेकचंदबुवा पाहायचा. त्यानं रीत सांगितली. बाहेर मेलेल्याचा जीव बाहेरच अडकतो, त्याला घरचं माणूस गेल्याशिवाय वाट सापडत नाही. तिचं लुगडं ने, त्याच खोलीत अंथर, दिवा लाव. ती बोलली की एवढंच म्हण, घरी चाल. दुसरं काही बोलू नको. मग पुढं होऊन चालू लाग, ती मागं येईल. पण मागं वळून पाहू नको. पाहिलंस की गेली, मग कायमची गेली.

तर असा तो गोंदियाला आला. दुलीचंदनं त्याला पाहिलं आणि गल्ल्यावरून उठून बाहेरच आला. "आ गया भाई? अच्छा हुआ. ले जा उसको. बहुत तकलीफ में है बेचारी." इतकं बोलून त्यानं कंदील पेटवून दिला आणि स्वतः जिन्याच्या तोंडाशी थांबला. वर काही आला नाही.

खोलीत काही बदललं नव्हतं. बाज तीच. खिडकीतून स्टेशनाचे दिवे दिसत होते. शालीकरामनं बाजेवर लुगडं अंथरलं, कोपऱ्यात पणती लावली, कंदील विझवला आणि बाजेकडं पाठ करून जमिनीवर बसला. खाली कपबशा वाजत होत्या. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते. हळूहळू तेही थांबलं. चांद वर आला. मालधक्क्यावरच्या बिडीच्या पानांचा वास येत राहिला.

मग कसलाच आवाज नाही.

बाज करकरली.

शालीकरामचे हात मांडीवर होते. ते तसेच राहिले.

"गाडी आली का जी?"

तोच आवाज. दमलेला. अगदी कानामागं...

त्याच्या जिभेवर शब्द तयार होते. घरी चाल. वाटेनं शंभरदा घोकले होते. तोंड उघडलं, आणि मागून पुन्हा आवाज आला.

"नागपूरची?"

...

"डाक्टर बरं करन ना जी मले?"

पोरांनो, तुम्ही काय म्हणाला असता? तिला ठाऊकच नव्हतं. दोन महिने ती त्या बाजेवर पडून वाट पाहत होती, अजून बरं व्हायची आशा धरून. आता घरी चाल म्हणायचं, म्हणजे सांगायचं की संपलं सगळं, तू मेलीस. शालीकरामला ते जमलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही जमलं नसतं.

"करन ना," तो म्हणाला. "काऊन नाही करन? आली गाडी. चाल."

तो उठला. मागं पाहिलं नाही. दार उघडलं. जिना उतरू लागला.

मागं एक पाऊल वाजलं... मग दुसरं, घासत. सुजलेला पाय ओढत चालावं तसं. तो थांबला की ते थांबायचं. खाली दुलीचंद भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यानं शालीकरामकडं पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं, आणि हात जोडले.

शालीकरामनं नागपूरची दोन तिकिटं काढली. पहाटेच्या गाडीत खिडकीशी तोंड करून बसला, शेजारी तिच्यापुरती जागा सोडली. एक मिशाळ गडी तिथं येऊन बसला, तसाच ताडकन उठला आणि नागपूर येईपर्यंत दारात उभा राहिला. त्याला कोणी काही बोललं नव्हतं. शालीकराम मात्र सारखा पुटपुटत होता. वैनगंगेचा पूल आला वो, भिऊ नको. आता भंडारा रोड. आता जास्त दूर नाही. लोकांनी वेडा समजून सोडून दिलं.

दवाखान्याच्या जनानी वॉर्डाच्या दारात चौकीदार बसला होता. त्यानं काठी आडवी धरली. "मर्द लोग अंदर नहीं."

आता काय करावं? शालीकराम दाराशी उभा राहिला. म्हणाला, "जाय तू. मी अठीच आहो. कुठं नाही जाऊन राहिलो."



मग ते घासणारं पाऊल मागून निघालं... आणि त्याच्या बाजूनं पुढं आलं. म्हणजे मागं न पाहताही आता ती दिसली असती. नुसती मान वर करायची होती. दोन महिने तिचं तोंड पाहायला तो तरसला होता. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. पाऊल फरशीवरून आत गेलं. दूर गेलं. मग ऐकू येईनासं झालं.

दुलीचंदच्या खोलीत त्यानंतर लोक स्वस्थ झोपले, हे मी आत्ताच सांगून टाकतो, पुढं सांगवणार नाही. आणि टेकचंदबुवा मरेपर्यंत शालीकरामशी धड बोलला नाही. घरी आणायची सोडून नागपूरला कायले नेली, हेच त्याचं म्हणणं.

तर तो बाहेर आला. आवारात झाडाखाली रोग्यांच्या घरची माणसं विटा मांडून रांधत होती, तेव्हा तशीच पद्धत होती. गाठोड्यात वाटेसाठी घेतलेले नवे तांदूळ होते. वच्छलानंच आषाढात चिखलात वाकून ते धान रोवलं होतं, आणि त्याचा भात तिच्या तोंडी पडला नव्हता. तिरोड्याकडची एक म्हातारी चूल विझवत होती, तिनं आपलं भांडं दिलं.

"कोन भरती आहे बाबू?"

"घरची."

"बरी होईल. मोठे डाक्टर आहेत."

शालीकराम मान हलवून जाळ फुंकत बसला. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्याला कोणी काही विचारलं नाही. भात झाला. म्हातारीकडच्या पितळी डब्यात भरला, वर जवसाची चटणी ठेवली, आणि वॉर्डात निघालेल्या आयाच्या हाती दिला.

"पेशंटचं नाव?"

चार माणसांत त्यानं बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. खाली पाहत म्हणाला, "वच्छला."

दुपार झाली. ऊन उतरलं. तो पायरीवर बसूनच होता. दिवे लागले तेव्हा आया बाहेर आली, जरा वैतागूनच.

"अहो, या नावाची कोणीच नाही आत. सगळ्या खाटा धुंडाळल्या. कोपऱ्यातली एक रिकामी आहे, तिच्यावर ठेवून दिला आणि विसरले कामात. घ्या. आहे तसाच आहे, कोणी हात नाही लावला."

त्यानं डबा घेतला. झाकण घट्ट बसलं होतं. त्यानं ते उघडलं.

भातात बोटानं ओढलेली रेघ होती.

रेघेच्या अलीकडं काही नव्हतं. एक शीतही नाही, पितळ लख्ख पुसलेलं. पलीकडं नवऱ्याचा वाटा ठेवलेला होता, अर्ध्याहून थोडा जास्तच, आणि चटणी सगळी त्याच्याकडं सारलेली.

सकाळी रांधलेला भात. दिवसभर थंड फरशीच्या वॉर्डात पडलेला...

शालीकराम तिथंच पायरीवर मांडी घालून बसला आणि आपला वाटा जेवला. भात गरम होता.