डोळे मिटायची भीती

"हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या... रोखा..."

इथवर ती नेहमीसारखं बोलली. हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत, काचेआडून, दिवसातून साठ-सत्तर वेळा तिला हेच म्हणावं लागायचं. 'रोखा' म्हणायचं, बटण दाबायचं, मग 'सोडा' म्हणायचं. पण त्या सकाळी 'सोडा' काही तोंडातून निघेना. छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं, बोटं गार पडली आणि कानांत नुसती धडधड.

काचेपलीकडचा तरुण बिचारा प्लेटला छाती टेकवून उभा. कान लाल झाले, मग मान लाल झाली. शेवटी त्याने हळूच एक हात वर केला.

"मॅडम—" तो फुस्सकन श्वास सोडत म्हणाला, "विसरलात की काय मला?"

"सॉरी... अहो, खरंच सॉरी..."

तो वळला आणि तिचा चेहरा पाहून त्याची थट्टा जागच्या जागी विरली. "तुम्ही आधी बसा. पेशंट नक्की कोण आहे, तुम्ही की मी?"

तो कागदी पेल्यात पाणी घेऊन आला. त्याच्या नखांत पांढरी पूड होती. दगडावर नावं कोरायचं काम, असं त्याने आपणहून सांगितलं. घरांच्या, दुकानांच्या, शाळांच्या पाट्या. धूळ छातीत जाते म्हणून वर्षातून एकदा फोटो काढायचा.

"तुम्हाला काय होतं पण?"

तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं गेलं. "श्वासाकडे लक्ष गेलं ना, की वाटतं... पुढचा येणारच नाही."

तो हसला नाही. कपडे बदलून येतो म्हणाला आणि आत गेला. तेवढ्यात तिने पडद्यावर फोटो पाहिला. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, वाटाण्याएवढी सावली होती.

तो परत आला तेव्हा ती म्हणाली, "रिपोर्ट डॉक्टर देतील."

"तुम्हाला काय दिसतंय?"

"मला वाचता येत नाही ते."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या चिठ्ठीमागे काहीतरी खरडलं. "वाचनालयाच्या वर सकाळी सहाला एका बाईंचा योगाचा वर्ग असतो. मीही नवाच आहे. गुडघे न वाकवता अजून पोटऱ्यांपर्यंतच पोचलोय. या बघू."

*

आठ महिन्यांपूर्वी तिचे बाबा गेले होते. दुपारची वेळ होती, आई औषधं आणायला खाली गेली होती आणि ही एकटीच पलंगाशी बसून बाबांचे श्वास मोजत होती. एक आला. ती पुढच्यासाठी थांबली. थांबली... थांबली... तो आलाच नाही.

तेव्हापासून स्वतःचा श्वाससुद्धा तिला परक्यासारखा वाटायचा. आता येईल, मग थांबेल.

"अगं, जा तरी त्या वर्गाला," आई म्हणाली. "घरात कोमेजून बसतेस आणि मलाही घाबरवतेस."

ती गेली. बाई सत्तरीच्या होत्या. आयुष्यभर पोहायला शिकवलेलं, त्यामुळे आवाज तलावाच्या पार पलीकडच्या काठापर्यंत जाईल असा. आसनं तिला चांगली जमली. वाकली, वळली, घामाघूम झाली. शेवटी बाई म्हणाल्या, "आता शवासन. आडवे व्हा. डोळे मिटा आणि श्वासाकडे बघा."

तिने डोळे मिटले. अंधारात फक्त श्वास ऐकू येऊ लागला. एक... मग पोकळी... मग—

ती ताडकन उठली, चपला हातात घेतल्या आणि जिन्यात धावली.

तिसऱ्या पायरीवर ती बसली असताना तो आला. तिच्यापासून दोन पायऱ्या खाली बसला.

"मला नाही जमायचं हे," ती म्हणाली. "डोळे मिटायचीच भीती वाटते."

"मग उघडे ठेवा."

"सगळे शांत पडलेत आणि मी एकटी छताकडे टकामका बघत बसू?"

"एकटी कशाला? मीही बघतो. छत ऐसपैस आहे, दोघांना पुरेल."

ती हसली, रडता रडता.

वर दारात बाई उभ्या होत्या. सगळं ऐकलं असावं त्यांनी. "पोरी, श्वासाकडे बघू नकोस तू. पाठीखाली जमीन आहे ना? तिच्याकडे लक्ष दे. टाचा, पोटऱ्या, पाठ, डोकं... कुठे कुठे जमीन लागते ते बघ. श्वासाला तुझ्या देखरेखीची गरज नाही."

दुसऱ्या दिवसापासून दोघं शेजारशेजारच्या चटयांवर उघड्या डोळ्यांनी पडू लागले.

*

आठवड्याने तो जिन्यातच तिची वाट बघत उभा दिसला.

"स्कॅनही झालं," तो म्हणाला. "गाठ आहे की जुना व्रण, ते सांगता येत नाही म्हणे. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. वाढली नाही तर बरं, वाढली तर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना?"

तिने होकारार्थी मान हलवली. "रागावलात?"

"नाही. उलट... बरं वाटलं. माझ्याआधी कुणीतरी माझ्यासाठी घाबरलं होतं."

त्याचे वडीलही पाथरवटच. दोन वर्षं खोकून खोकून गेलेले. हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की तिला त्या सहजपणाचीच धास्ती वाटली. मग तिनेही बाबांचे श्वास मोजत बसल्याचं त्याला सांगितलं.

ते तीन महिने विचित्र होते. बाहेर अजून धुकं असताना ती चटई काखेत मारून निघायची. कधी टाचांपासून डोक्यापर्यंत जमीन नीट लागायची, कधी मध्येच कंबरेपाशी भीती गाठायची. मग बाई नुसत्या येऊन तिच्या पावलांवर हात ठेवायच्या. एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडायचं शिकताना तिला दरदरून घाम फुटला होता. महिन्याभराने तो फुटायचा थांबला. कधी थांबला, ते तिलाही कळलं नाही.

आणि एके दिवशी शवासनात बाईंनी घंटी वाजवली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपले डोळे मिटलेले आहेत! तिने ते उघडले. तो कुशीवर वळून तिच्याकडेच बघत होता.

"बाईंनी डोळे मिटायला सांगितलेत," ती पुटपुटली.

"तुम्ही मिटलेत का, ते बघत होतो."

"मग?"

"मग... बघतच राहिलो."

ती लाजली, आणि त्याच क्षणी त्याला खोकला आला. साधाच. दोनदा. तरी तिने घाबरून त्याच्याकडे पाहिलं, त्याने ते पाहणं पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी तो वर्गाला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, शेजारची जागा रिकामीच. फोन केला की 'काम आहे' म्हणायचा. स्कॅनला दहा दिवस उरले होते.

*

ती त्याच्या कारखान्यावर गेली. पत्र्याची लांबट शेड, ओल्या दगडाचा वास. तोंडाला मास्क लावून तो दगडावर पाण्याची धार सोडत होता. तिला पाहून त्याने यंत्र बंद केलं.

"तुम्ही इथे येऊ नका. धूळ असते."

"वर्गाला का येत नाही?"

"काम—"

"खरं सांगा."

त्याने मास्क खाली ओढला. "त्या दिवशी मला खोकला आला तेव्हा तुमचा चेहरा पाहिला मी. तुम्ही एकाचे श्वास मोजलेत. दुसऱ्यांदा तुम्हाला त्या पलंगाशी... नाही बसवणार मी. मला तुम्ही आवडता, म्हणूनच सांगतोय. जा तुम्ही."

जे वाक्य ऐकायला ती इतके दिवस आसुसली होती, ते आलं ते असं. आणि त्याच्या पाठोपाठ ती ओळखीची लाट आली. छातीवरचा पाटा, गार बोटं, कानांतली धडधड.

"काय होतंय? पाणी आणू?"

"नको. थांबा... नुसते थांबा."

ती तिथेच खाली बसली. एका अर्धवट कोरलेल्या शिळेला पाठ टेकली, दोन्ही तळवे फरशीवर ठेवले आणि डोळे मिटले. टाचा. मांड्या. तळव्याखाली ओली, खरखरीत जमीन. श्वास चुकला, अडखळला. तिने त्याच्यामागे धाव घेतली नाही. पुन्हा जमीन. पुन्हा टाचा. समोर तो गुडघ्यावर बसलाय, हात पुढे करून मागे घेतोय, हे तिला न बघताही कळत होतं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. तो पांढराफटक पडला होता.

"पाहिलंत?" ती म्हणाली. "आली आणि गेली. माझी भीती काही संपलेली नाही. तुमचं नाव निघालं तरी वाटते. पण आता मला घाबरत घाबरत बसता येतं. आणि मला तुमच्याजवळ बसायचंय."

"रिपोर्ट येऊ दे आधी—"

"आधीच सांगतेय मी. नंतर सांगितलं, तर तुम्हाला वाटेल हिला दया आली, नाहीतर वाटेल हिने सगळं ठीक आहे ना ते बघून घेतलं." तिने एक तळवा त्याच्यापुढे उलगडला. "मलाही तुम्ही आवडता. आता हाकलायचं तर हाकला."

त्याने धुळीने माखलेला हात पँटला पुसला, पुन्हा पुसला... आणि तिच्या तळव्यावर ठेवला.

*

स्कॅनच्या दिवशी दोघं डॉक्टरांच्या समोर बसले होते. डॉक्टरांनी जुनं चित्र लावलं, नवं लावलं, चष्मा काढला, घातला. ते बोलेपर्यंत तिने आपली पावलं जमिनीवर घट्ट रोवून ठेवली होती.

"वाढलेली नाही," ते म्हणाले. "जुन्या संसर्गाचा व्रण दिसतोय. तरी सहा महिन्यांनी पुन्हा या. आणि मास्कशिवाय दगडाजवळ जायचं नाही."

बाहेर आले तेव्हा रिमझिम पाऊस पडत होता. दोघं दाराच्या छपराखाली थांबले.

"तू..." तो म्हणाला आणि थबकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' निघालं होतं. तिने काही दुरुस्त केलं नाही, तसा तो पुढे म्हणाला, "तू घाबरली होतीस?"

"अजून घाबरलेय. सहा महिन्यांनी पुन्हा घाबरेन. तू?"

"मीपण."

तिने छत्री उघडली. "चल. आई जेवायला थांबलीय. तिला सांगितलंय मी, जावयाला घेऊन येते म्हणून."

"कधी सांगितलंस? आत्ता तर बाहेर पडलोय आपण!"

"मंगळवारी."

तो बघतच राहिला. मंगळवारी रिपोर्टचा पत्ताही नव्हता. "सगळं सांगितलंस? छातीचंसुद्धा?"

"सगळं."

"मग... काय म्हणाल्या त्या?"

"हातातली भाजी खाली ठेवली तिने. मग उठून ताटं मांडायला लागली, आणि म्हणाली, त्याला तिखट चालतं का ते विचारून ठेव." तिने छत्री त्याच्या बाजूला कलती केली. "चालतं का?"

त्याने होकारार्थी मान डोलावली, आणि दोघं पावसात उतरले.