मागच्या सीटवरचा अनुभवी माणूस

दातांच्या डॉक्टरांना पन्नाशीत मोटारसायकलचं वेड लागलं. उंच डोंगरांतली खिंड ओलांडून यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा बायकोने एकच अट घातली: एकट्याने जायचं नाही, गेलात तर आल्याबरोबर गाडी विकायची. बरोबर यायला कोणी तयार होईना. पण वीस वर्षं रोज 'अजिबात दुखणार नाही' असं सांगणाऱ्या माणसाला आणखी एक थाप काय जड? सोबत एक अनुभवी माणूस आहे, रस्ता त्याच्या पायाखालचा आहे, फक्त जरा अबोल आहे, असं त्यांनी ठोकून दिलं.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, खिंडीच्या अलीकडे धुकं असं उतरलं की पुढचं चाक दिसेना. वारा पडला. कुठूनसा ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. तेवढ्यात गाडी मागून दबली. कोणीतरी सराईतपणे, बेताने मागे बसलं होतं.

डॉक्टरांची पाचावर धारण बसली. मागे बघायची छाती होईना, आणि थांबलो तर हा उतरून समोर येईल ही धास्ती. ते तसेच चालवत राहिले. खरं सांगायचं तर माणूस वाकबगार होता. वळणावर हवा तेवढाच कलायचा. बायको जरा वेग वाढला की पाठीत गुद्दा घालायची, तसलं काही नाही. घाबरता घाबरताही डॉक्टरांना जरा बरं वाटू लागलं.

मग एका वळणावर दोन गार हात खांद्यांवर आले.

"थांबा," कानाशी कोणीतरी हळूच म्हणालं. "पुढे रस्ता... नाही."

डॉक्टरांनी करकचून ब्रेक दाबला. धुकं जरा हटलं, तर चाकापासून दोन हातांवर रस्ता तुटून दरीत गेला होता. त्यांनी कशीबशी गाडी फिरवली आणि पायथ्याच्या ढाब्यापर्यंत मान वळवली नाही. उतरून पाहिलं, तर सीट रिकामी.

आता सगळं कबूल करायचं, गाडी गेली तर जाऊ दे, असं ठरवून त्यांनी बायकोला फोन लावला. पण ती बोलू देईल तर ना.

"अहो, मघाशी तुमचा फोन त्यांनीच उचलला. तुमचं लक्ष रस्त्यावर असू दे म्हणाले. किती समजूतदार हो. त्यांना घरचं कोणी नाही, माहीत आहे का तुम्हाला? मीच म्हटलं, आमच्याकडे राहायला या."

डॉक्टरांनी वळून रिकाम्या सीटकडे पाहिलं. "मग... काय म्हणाले?"

"डॉक्टरांच्या आधीच पोचतो म्हणाले. थांबा हं जरा, बेल वाजतेय."