उभ्या घड्या, आडव्या घड्या

ओढणीवर चिठ्ठी टाचलेली – 'ठमीचे पालक'. खरं तर मी ठमीची मावशी. शाळेने शनिवारी पालकांसाठी गणिताचा वर्ग काढला आणि ताईने मला पुढे केलं.

पोरांच्या बुटक्या बाकात गुडघे कसेबसे कोंबले, तोच शेजारी एक उंचपुरा माणूस येऊन अडकला. लिफ्ट दुरुस्त करणारा. शर्टाला ग्रीसचा डाग. चिठ्ठी – 'चिऊचे पालक'.

बाईंनी दोघांना एकेक कागद दिला. "एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. घड्या घाला, रंगवा, सांगा."

त्याने कागदाचे उभे तीन भाग केले, मी आडवे चार. दोघांनी एकेक पट्टी रंगवली.

"झाले दोन," तो म्हणाला.

"दोन कसले? तुमची पट्टी मोठी, माझी छोटी!"

"मग असं करू... माझ्यासारख्या घड्या तुमच्यावर, तुमच्यासारख्या माझ्यावर – म्हणजे, कागदावर!"

त्याचे कान लाल झाले. मी मान खाली घालून उभ्या घड्या घालू लागले. उलगडलं, तर दोन्हीकडे बारा-बारा चौकोन, सगळे सारखे. त्याचे रंगलेले चार, माझे तीन.

"सात छेद बारा!" मी ओरडलेच.

"सातबारा निघाला की हो आपला," तो कुजबुजला. मी खुदकन हसले. बाईंनी डोळे वटारले.

मग दर शनिवारी तो माझी जागा धरून ठेवू लागला. मीही आरशापुढे जरा जास्तच रेंगाळायचे... आणि मग मनाला बजावायचे – बाई गं, चिऊला आई असेलच की!

शेवटच्या वर्गाला मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले. त्याने दोनदा वळून पाहिलं. मी फळ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी, अक्षर एक दिसेना.

वर्ग सुटल्यावर नळावर हाताचा रंग धूत होते. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"माझं काही चुकलं का? ठमीचे बाबा रागावले का?"

"भाऊजी? ते कशाला रागावतील?"

"भाऊ...जी?"

"मी मावशी आहे हो ठमीची! आणि चिऊची आई –"

"माझी वहिनी!"

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. नळ तसाच वाहत होता.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "दादा गेल्या महिन्यापासून म्हणतोय, आता मी जातो वर्गाला. मीच त्याला येऊ देत नाही."

मी नळ बंद केला.

"ताईलाही शनिवारी सुट्टीच असते," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

माझे हात ओलेच होते. त्याने ते तसेच हातात घेतले.